सीमेवरचा मतदार : बीदर आणि कलबुर्गी

सीमाभागातील मराठी मतदार म्हटला, की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा बेळगाव उभे राहते. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील मराठी वस्तीही जुनी आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यातही त्यांचा अंतर्भाव केला. तथापि बेळगावात एकीकरण समितीच्या विजयांची जी दीर्घ परंपरा निर्माण झाली, तशी ती येथे रुजली नाही. येथील मराठी माणसाला भाषेचा विसर पडला, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे. परंतु तो इतिहासाला धरून होणार नाही.

बेळगाव हे मुंबई इलाख्यातील शहर. तेथे मराठी ही शाळेची, वृत्तपत्राची आणि सार्वजनिक व्यवहाराची भाषा फार पूर्वीच झाली होती. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला, तो अशा तयार भूमीवर. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे मात्र निजामाच्या राज्यात होते. तेथे दरबार, कचेरी आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. साहजिकच मराठी आणि कानडी या भाषा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर उभ्या राहिल्या नाहीत. उपेक्षेच्या एकाच पंक्तीत त्या शेजारी बसल्या. बाजारात गिऱ्हाइकाने मराठीत भाव विचारावा, दुकानदाराने कानडीत उत्तर द्यावे आणि जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी दोघांनीही उर्दू जाणणाऱ्याकडे जावे, असा तो काळ होता. पुढे संस्थानातील मुक्तिसंग्रामाने हा शेजार अधिकच दृढ केला.

या शेजाराची पहिली साक्ष १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीने दिली. हैदराबादच्या प्रजेला प्रौढ मतदानाचा अधिकार तेव्हा प्रथमच बजावता आला. गुलबर्ग्याने लोकसभेवर स्वामी रामानंद तीर्थ यांना पाठविले. कन्नड मुलखात जन्मलेल्या या संन्याशाने हिप्परगे व अंबाजोगाई येथील शाळांतून मराठवाड्याची एक पिढी घडविली होती. १९५७ मध्ये तेच स्वामीजी औरंगाबादहून निवडून आले. ते मराठी की कानडी, हा प्रश्न दोन्ही ठिकाणच्या मतदारांना अडवू शकला नाही.

बीदरचा कौल तर याहूनही विचार करण्याजोगा होता. १९४८ मध्ये या जिल्ह्यातील गोर्टा गावी रझाकारांनी हत्याकांड केले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई झाल्यानंतर सूडाची लाट उसळली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही होते. या जखमा ओल्या असतानाच बीदरने काँग्रेसच्या शौकतुल्ला शाह अन्सारी यांना लोकसभेवर निवडून दिले. हे अन्सारी मूळचे उत्तर प्रदेशचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी आणि यात्रा पूर्ववत चालू राहिल्या. राजकारणाची वाट मात्र वेगळी झाली. १९७७ मध्ये लातूरने काँग्रेसला नाकारून शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील यांना विजयी केले. सीमेच्या अलीकडच्या बीदरने आणि गुलबर्ग्याने मात्र काँग्रेसचेच उमेदवार निवडले. कर्नाटकातील २८ जागांपैकी २६ त्या पक्षाकडे गेल्या. देवराज अरस सरकारने १९७४ मध्ये केलेली कूळकायद्याची सुधारणा येथे परिणामकारक ठरली होती. मतदार पाहतो तो आपल्या शेतावर आणि चुलीवर सत्ता चालविणाऱ्या राजधानीकडे. आणि ती राजधानी आता बदलली होती.

शहरी वस्तीचा कल याहून चंचल. ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आणि शरणबसवेश्वरांचे देवालय ज्या कलबुर्गी शहरात आहे, त्याने आपल्या मतदारसंघासह १९९६ मध्ये जनता दलाचे कमरुल इस्लाम, १९९८ मध्ये भारतीय जनता पक्षाचे बसवराज पाटील सेडम आणि १९९९ मध्ये काँग्रेसचे इक्बाल अहमद सरडगी यांना लोकसभेवर पाठविले. २००८ पासून शहराचे विधानसभेसाठी उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. २०१८ मध्ये त्यांनी दोन भिन्न पक्ष निवडले. २०२३ मध्ये दोन्हींनी काँग्रेसला कौल दिला.

अलीकडे या मतदाराची मोजणी जातीच्या मापाने होऊ लागली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा समाजाच्या विकासासाठी ५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. बसवकल्याणची पोटनिवडणूक तेव्हा समोर होती. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला त्याविरुद्ध बंद पुकारला. एप्रिल २०२१ मधील मतदानात ती जागा सत्ताधारी पक्षाच्या शरणू सलगर यांनी जिंकली. आठ शतकांपूर्वी बसवेश्वरांनी ज्या कल्याणनगरीत जातिभेदाविरुद्ध आवाज उठविला, त्याच भूमीवर हे गणित मांडले जावे, यातील विसंगती डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

२०१२ मध्ये संसदेने ३७१ जे हे कलम संमत करून जुन्या हैदराबाद-कर्नाटकाला शिक्षण व नोकऱ्यांत विशेष तरतूद दिली. तिचा आधार भाषा नव्हे, जातही नव्हे; प्रदेशाचे मागासलेपण हा होय. भालकीच्या मराठी तरुणाला आणि आळंदच्या कानडी तरुणाला ती सारखीच लागू आहे. मुंबईने या मतदाराकडे भाषेच्या खात्यातून पाहिले, बेंगळुरूने जातीच्या. १९५२ मध्ये त्याने स्वतः दिलेले उत्तर या दोन्ही खात्यांत बसत नाही. मराठी शाळेला शिक्षक मिळावा आणि गावाला पाणी मिळावे, या दोन मागण्या त्याच्या लेखी परस्परविरोधी नाहीत. त्या एकत्र मांडणारा कोणीही त्याला परका वाटणार नाही, हेच या जिल्ह्यांच्या मतपेटीचे सात दशकांचे सांगणे आहे.