काचेंतील तळें, उजेड आणि शेवाळ

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्यानें पूर्वेकडे निघालें म्हणजे शेंद्रा लागतें. मांगीरबाबांच्या यात्रेमुळें हें गांव मराठवाड्यांत पूर्वींपासून माहीत होतें. गेल्या कांहीं दशकांत त्याच्या शिवारांत कारखाने उभे राहिले आणि ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीचा एक भाग म्हणून त्याचें नांव दूरवर गेलें. कारखान्यांमागोमाग वस्ती आली, वस्तीमागोमाग हौस आली. नव्या घरांतून कोठें कोठें दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत एक काचेची पेटी दिसते. तळाशीं वाळू, वाळूंत रोवलेलीं पाणवनस्पतींचीं रोपें, आणि त्यांतून हिंडणारे चार रंगीत मासे. पहिले पंधरा दिवस ती पेटी पाहुण्यांना कौतुकानें दाखविली जाते. मग काचेवर हिरवट थर चढूं लागतो, पानांवर तंतूंचें जाळें धरतें, पाणी मुगाच्या कढणासारखें होतें, आणि घरधनी सारें पाणी ओतून, वाळू धुऊन, नव्यानें मांडामांड करतो. महिन्याभरानें पुन्हां तेंच. या त्रासाचा इतिहास पावणेदोनशें वर्षांचा आहे, आणि त्यांतील बहुतेक पराभव एकाच समजुतीपायीं झालेले आहेत : उजेड म्हणजे जीवन, तेव्हां जितका उजेड अधिक तितकें बरें.

उजेडावांचून वाहणाऱ्या पाण्याचा एक थोर नमुना याच शहराच्या पोटांत आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें राजधानी वसविली आणि थोड्याच वर्षांत तिच्यासाठीं नहर खोदविली. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी भूमिगत बोगद्यांतून गोळा करावयाचें आणि नुसत्या उताराच्या बळावर शहरांत आणावयाचें, अशी ती योजना. त्यांतील हेतु पाणी सुरक्षित आणण्याचा, शेवाळ टाळण्याचा नव्हे; परंतु सूर्यकिरण पोंचत नाहींत तेथें शेवाळ धरत नाहीं, आणि तें पाणी मैलोगणती वाट हिरवें न होतां चालून येत असे. पुढें बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशीं, पाणचक्कीच्या हौदांत, असेंच खापरी नळांतून आणलेलें पाणी उघड्या आकाशाखालीं पडूं लागलें. तेथें मासे नांदूं लागले. आणि जेथें ऊन तेथें हिरवी लवही आली. अंधारांतलें पाणी आणि उजेडांतलें पाणी यांचा फरक शहर असा पिढ्यान्‌पिढ्या पाहत होतें. त्याचा शास्त्रीय उलगडा मात्र दूर देशीं झाला.

१७७९ सालीं यान इंगेनहौझ या डच वैद्यानें सिद्ध केलें कीं, पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांतून प्राणवायूचे बुडबुडे निघतात ते केवळ उजेडांत. अंधारांत तींच पानें हवा बिघडवितात. मासा श्वासावाटे जें टाकतो तें वनस्पतीनें घ्यावें, वनस्पति जें टाकते तें माशानें घ्यावें, असा देवघेवीचा व्यवहार एका भांड्यांत चालेल काय, हा पुढला प्रश्न साहजिकच होता. तो नेटानें हातीं घेतला रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञानें. त्यानें सुमारें बारा गॅलनांचें एक काचपात्र घेतलें. आपल्या मापानें चौपन्न-पंचावन्न लिटरांचें. तळाशीं वाळू, माती व दगड घातले, ‘व्हॅलिस्नेरिया’ या फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पतीचें रोप लावलें आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. आरंभीं सारें कांहीं उत्तम चाललें. नंतर जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें, आणि काचेवर व पानांवर हिरवें शेवाळ माजलें. मासे मरणार हें उघड दिसूं लागलें.

येथें दुसऱ्या कोणीं पात्र धुऊन टाकलें असतें. वॉरिंग्टननें तसें केलें नाहीं. निसर्गांतील तळ्यांत हीच पानें कुजतात आणि हेंच शेवाळ वाढतें, तरी तळें नासत नाहीं. तेव्हां तळ्यांत जें आहे आणि पात्रांत जें नाहीं तें कोणतें, हें तो शोधूं लागला. उत्तर सांपडलें तें तळ्यांतल्या गोगलगाईंत. पांचसहा गोगलगाई सोडतांच त्यांनीं कुजकीं पानें आणि शेवाळाचा थर खाऊन फस्त केला, पाणी निवळलें, आणि त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांच्या भक्ष्यस्थानीं पडूं लागलीं. १८५० सालीं त्यानें हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें ठेविला. मासे, वनस्पति आणि मेलें-कुजलें खाणारा तिसरा प्राणी, अशी ही त्रिकुटाची कल्पना होय. विद्वानांनीं पुढें तिच्यांत पुष्कळ उणिवा काढल्या, आणि त्या योग्यही होत्या. परंतु शेवाळ ही घाण नसून हिशेबांतील शिल्लक आहे, हें प्रथम त्यानें ओळखलें.

त्यानंतर विलायतेंत या छंदाची लाट उसळली. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें. घरोघर पेट्या आल्या, आणि त्या मांडल्या गेल्या त्या शोभेसाठीं खिडकींत, उन्हाच्या तोंडाशीं. चहूंबाजूंनीं काच, चहूंबाजूंनीं उजेड. असें पाणी हिरवें झालें, तापलें, मासे मेले. आणि दहापंधरा वर्षांत बहुतेक घरांतून ती हौस मावळली. ज्या थोड्यांनीं चिकाटी धरली त्यांत वेल्समधील एडवर्ड एडवर्ड्‌स हा एक. खऱ्या तळ्यावर उजेड वरून पडतो, बाजूंनीं नव्हे, हें ध्यानीं घेऊन त्यानें मागील बाजू उतरती व अपारदर्शक असलेली टाकी बनविली, आणि उताराखालीं पाण्याची एक अंधारी खोली ठेविली. तोच धागा विल्यम ॲल्फर्ड लॉइड यानें मोठ्या प्रमाणावर नेला. हॅम्बुर्ग येथें १८६४ सालीं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं जीं मत्स्यालयें उघडलीं, त्यांत लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षां कित्येक पट मोठा अंधारा हौद खालीं होता, आणि पंपाच्या साहाय्यानें पाणी सतत वरखालीं फिरत असे. अंधारांत पोंचलेलें तरंगतें शेवाळ तेथेंच मरे. लॉइडनें नहरीचें नांव ऐकिलें असण्याचें कारण नाहीं. तरी त्याच्या हौदाजवळ उभ्या राहणाऱ्या दख्खनी मनुष्यास मलिक अंबराची आठवण झाल्यावांचून राहिली नसती.

आपल्याकडे मत्स्यालयाची खरी गोडी लागली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयानें. पारशी दानशूर तारापोरवाला यांच्या देणगीच्या आधारानें चौपाटीच्या रस्त्यावर उभें राहिलेलें हें मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. प्रेक्षक अंधारांत आणि दिवा टाकीच्या माथ्यावर, ही तेथली मांडणी महाराष्ट्रांतील हजारों मुलांच्या डोळ्यांत बसली. सुट्टींत मुंबईस गेलेलें मूल परत आल्यावर बापापाशीं काचेची पेटी मागूं लागलें, तें बहुधा तेथूनच.

तोंवर विजेच्या नळीदिव्यांनीं सूर्याची जागा घेतली होती. हा पालट दिसतो त्याहून मोठा. सूर्य मनुष्याच्या आज्ञेंत नाहीं; दिवा आहे. तो किती वेळ जळावा आणि किती तेजानें जळावा, हें आतां घरधन्याच्या हातीं आलें, आणि म्हणून दोषही त्याच्याच माथीं आला. जपानचा ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यानें या कलेस नवें वळण दिलें. त्यानें पेटींत वनस्पतींची दाट अरण्यें उभीं केलीं, तेजस्वी दिवे वापरले, परंतु त्यांच्या जोडीस पाण्यांत कर्बवायु सोडला, आणि वॉरिंग्टनच्या गोगलगाईंच्या जागीं शेवाळ खाणाऱ्या लहान कोळंबीची नेमणूक केली. तिला आज जगभर त्याच्याच नांवानें ओळखतात.

यांतील मर्म असें कीं, वनस्पतीला उजेड, कर्बवायु आणि खत हीं तिन्हीं एकमेकांच्या प्रमाणांत लागतात, आणि ज्याची तूट असेल त्यापाशीं तिची वाढ थांबते. दिवा दुप्पट केला आणि कर्बवायु तितकाच राहिला, तर रोपें जागच्या जागीं थबकतात. माशांच्या विष्ठेंतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून निघालेलें खत पाण्यांत पडून राहतें. उरलेला उजेड आणि उरलेलें खत या दोहोंवर शेवाळ हात मारतें, कारण त्याच्या गरजा थोड्या आणि वाढ झपाट्याची. नवख्या मालकाच्या पेटींत रोपें चार, दाणा मुठीनें, आणि दिवा सकाळपासून निजेपर्यंत. त्याला दिवा रोज सहा ते आठ तासांवर आणण्यास सांगितलें म्हणजे तो हिरमुसतो, कारण रात्रीं पाहुणे येतात तेव्हां पेटी अंधारी दिसते. यावर उपाय सोपा आहे : दिवा दुपारीं उशिरा लावावा.

शेंद्र्याकडील घरांची गोष्ट आणखी थोडी निराळी. काळ्या पाषाणांतून आलेलें कूपनलिकेचें पाणी पुष्कळदां जड असतें. भांड्यावर पांढरा थर धरणारें. उन्हाळ्यांत पेटींतलें पाणी भराभर उडतें, वर तेंच जड पाणी ओतीत गेल्यास क्षार सांचत जातात. म्हणून नुसती भर न घालतां कांहीं पाणी काढून मग नवें घालणें इष्ट. नाजूक परदेशी रोपें अशा पाण्यांत रडत वाढतात. वॉरिंग्टनचें तें फितीच्या पानांचें रोप मात्र येथें खुशाल राहतें, कारण जड पाण्यांत विरघळलेल्या बायकार्बोनेटांतूनही कर्ब ओढून घेण्याची शक्ति त्याच्या अंगीं आहे. शिवाय त्याचे सगेसोयरे आपल्या तळ्यांनद्यांतून आपोआप उगवतात. पश्चिमेच्या खिडकीपासून पेटी दूर हलवावी, अशीं रोपें पहिल्या दिवसापासूनच दाट लावावींत, आणि दाणा दोन मिनिटांत संपेल इतकाच टाकावा.

एवढें करूनही पाणी हिरवें झालेंच, तर तें ओतून देण्याची घाई नको. थोडें पाणी बदलून, हवेचा पंप चालूं ठेवून, पेटीवर तीनचार दिवस जाड घोंगडी टाकावी. रोपें तेवढा अंधार सोसतात. पाण्यांत तरंगणारें शेवाळ सोसत नाहीं. चौथ्या दिवशीं घोंगडी काढल्यावर पाणी निवळलेलें दिसतें, आणि मेलेलें शेवाळ तळाशीं कुजण्यापूर्वीं नळीनें काढून टाकणें एवढेंच काम उरतें.