शिकविणाऱ्याची पोथी

साष्टीतील मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवावा कसा, हा प्रश्न मुख्यतः भाषेचा होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी तो ओळखला. १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'चा उगमही त्यांनी मुलांच्या रविवारच्या अशाच पाठात दाखविला आहे. त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये राशोल येथे त्यांची कोकणी 'दौत्रिना क्रिस्तां' छापली गेली. मुलांना संवादरूपाने शिकविणे, हा तिचा हेतू शीर्षकातच नमूद आहे. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सिद्ध असल्याने शिकविणाऱ्यास पांडित्य नव्हे, मायबोली पुरे; पोथी प्रथम त्यालाच घडवी. पुढे १६८४ च्या फर्मानाने त्याच बोलीवर बंदी घातली. मात्र हस्तलिखिते टिकली. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला 'क्रिस्तपुराण' पुन्हा छापले गेले.