'हॅव अ सिगार' : यशाचा धनी कोण?

कलावंताचा पोशिंदा कोण, या प्रश्नाला प्रत्येक युगाने निराळे उत्तर दिले आहे. एके काळी तो राजा होता; विसाव्या शतकात ती जागा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी घेतली. राजा निदान गवयाला समोर बसवून ऐकत असे. नव्या पोशिंद्याला गाणे न ऐकताही ते विकता येऊ लागले. या स्थित्यंतराचा पुरावा म्हणून आम्ही येथे एक इंग्रजी रॉक गीत विचारात घेत आहो.

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश वादक-मंडळाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका मार्च १९७३ मध्ये निघाली. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात ती ७४१ आठवडे होती. या अफाट यशानंतर लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पुढील मुद्रिका तयार होत असता रॉजर वॉटर्स यांनी 'हॅव अ सिगार' लिहिले. त्यात बोलतो तो कंपनीचा एक गृहस्थ. तो सिगार पुढे करतो, तोंड भरून स्तुती करतो, नव्या मुद्रिकेची घाई करतो आणि मंडळींपैकी 'पिंक' कोण, असेही विचारून मोकळा होतो!

वस्तुतः त्या नावाचा तेथे कोणीच नव्हता. पिंक अँडरसन व फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून सिड बॅरेट यांनी ते नाव जुळवले होते. आणि मनःस्वास्थ्य ढळल्याने बॅरेट १९६८ मध्येच मंडळाबाहेर पडले होते. जून १९७५ मध्ये ते अवचित स्टुडिओत आले, तेव्हा जुन्या सोबत्यांनाही त्यांची ओळख प्रथम पटली नाही. कंपनीच्या माणसाला हसणे सोपे होते. परंतु विस्मरणाचा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता, असे आम्हांस वाटते.

वॉटर्स यांचा गळा साथ देईना, गिलमोर गाण्यास राजी नव्हते; तेव्हा त्याच इमारतीत स्वतःचे ध्वनिमुद्रण करीत असलेल्या रॉय हार्पर यांनी हे गीत गायिले. सप्टेंबर १९७५ मध्ये ते 'विश यू वेअर हिअर' या मुद्रिकेत प्रसिद्ध झाले. या धंद्यावरची ही टीका बाजारात आणली ती ब्रिटनमध्ये ईएमआयने आणि अमेरिकेत कोलंबियाने. मुद्रिका दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचली.

दरबारात विदूषकाला राजाची थट्टा करण्याची मुभा असे, कारण तिने सिंहासन हलत नसे. या नव्या दरबारात तर थट्टेचाही नफा धन्याच्याच पेटीत जमा होऊ लागला.