उदार मत, नेमस्तपणा आणि प्रतिपक्षाचा मान

राजकीय पक्षांचीं जीं नांवें इतिहासांत रूढ होतात, त्यांपैकीं बरींचशीं प्रतिपक्षानें लावलेलीं असतात. इतिहासलेखकानें तीं विचार न करितां उचललीं म्हणजे त्यांच्याबरोबर जुनीं भांडणेंहि त्याच्या लेखांत शिरतात. महाराष्ट्रांतील ‘मवाळ’, ‘जहाल’, ‘सुधारक’, ‘सनातनी’ या शब्दांचें असेंच झालें आहे. ‘मवाळ’ म्हटला कीं सरकारापुढें अर्ज घेऊन उभा राहिलेला भिडस्त गृहस्थ डोळ्यांपुढें येतो, आणि त्या गृहस्थाचें मत काय होतें हें विचारण्याची गरजच उरत नाहीं. वस्तुतः या पक्षानें आपल्या मताची व्याख्या एकदां स्वतःच केलेली आहे. १८९६ च्या अखेरीस पुण्यास डेक्कन सभा स्थापन झाली, तिच्या जाहीरनाम्यांत ती आढळते. व हा जाहीरनामा न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या लेखणींतून उतरलेला आहे. त्या व्याख्येचा अर्थ काय, आणि ती करणारांनीं जुन्या मताच्या लोकांशीं वाद करितांना ती कितपत पाळली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम प्रसंग लक्षांत घेतला पाहिजे. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं रानडे पुण्यास आले व गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या जोडीनें त्यांनीं ती संस्था नांवारूपास आणिली. १८७८ पासून सभेचें त्रैमासिक निघूं लागलें. शेतसारा, दुष्काळ, व्यापार, संस्थानें अशा विषयांवरील त्यांतील लेख आजहि अभ्यासकांस उपयोगी पडतात. १८९३ मध्यें रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईस गेले, आणि १८९५ सालच्या निवडणुकींत सभेचें कार्यकारी मंडळ टिळकपक्षाच्या हातीं आलें. रानडे, गोखले प्रभृति मंडळी बाहेर पडली व त्यांनीं निराळी सभा काढिली. निराळी सभा कां, याचें उत्तर देणें भागच होतें. तें उत्तर म्हणजे हा जाहीरनामा होय.

त्यांत दोन शब्दांची फोड केलेली आहे. पहिला उदारपणा. वंश किंवा धर्म यांवरून मनांत बसलेल्या दुराग्रहापासून मोकळें असणें, आणि माणसामाणसांत न्याय होईल अशा प्रत्येक गोष्टीला चिकटून राहणें, हें त्याचें लक्षण सांगितलें आहे. राज्यकर्ते जो कायदा चालविण्यास बांधलेले आहेत त्या कायद्याला साजेल एवढी निष्ठा त्यांस द्यावी, पण त्याच कायद्याखालीं प्रजेला जी समता हक्कानें मिळावयाची ती पुरती पदरांत पाडून घ्यावी, असा त्याचा राजकीय अर्थ आहे. दुसरा शब्द नेमस्तपणा. अशक्य किंवा फार दूरच्या ध्येयामागें व्यर्थ न धांवतां, नैसर्गिक वाढीच्या क्रमांत जें पुढचें पाऊल असेल तें रोज टाकावें, हातांशीं असलेलें काम करावें, व तें तडजोडीच्या आणि न्याय्य बुद्धीनें करावें, असें त्याचें विवरण आहे.

या व्याख्येंतील एक गोष्ट बहुधा दृष्टीआड होते. निष्ठा सांगितली आहे ती राजाच्या व्यक्तीला नव्हे, तर कायद्याला. आणि तो कायदा राज्यकर्त्यांवरहि बंधनकारक धरला आहे. उदारपणा हें ध्येय आहे व नेमस्तपणा ही रीत आहे. रीतीचा उपहास केला म्हणून ध्येय खोटें ठरत नाहीं. उलट ध्येय उदात्त आहे एवढ्यावरून प्रत्येक प्रसंगीं ती रीत योग्यच होती असेंहि सिद्ध होत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, ‘उदार’ याच्या विरुद्ध जो पक्ष तो एकच नव्हता. लोकमान्य टिळक हे सामाजिक वादांत जुन्या मताच्या लोकांबरोबर उभे राहिले, पण राजकारणांत रानड्यांच्या पुढें होते. उलट आगरकर सामाजिक बाबतींत रानड्यांच्या कितीतरी पुढें होते. म्हणून कोणाहि एका माणसावर एकच शिक्का मारून चालत नाहीं. कोणत्या प्रश्नावर तो काय म्हणतो हें पाहावें लागतें.

आतां वादाची रीत पाहूं. त्यासाठीं १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचें प्रकरण सर्वांत बोधप्रद आहे. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ मध्यें बालविवाहाविरुद्ध चळवळ सुरू केली होती. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची बालवधू पतिसमागमानें मरण पावली, आणि प्रश्न तांतडीचा झाला. १८६० च्या दंडसंहितेंत संमतीची मर्यादा १० वर्षांची होती ती १२ करावी, असें विधेयक सर अँड्र्यू स्कोबल यांनीं ९ जानेवारी १८९१ रोजीं मांडलें, व १९ मार्च रोजीं तें मंजूर झालें.

विरोधकांचें म्हणणें नुसतें अज्ञानाचें होतें असें समजणें चूक आहे. त्यांतील प्रबळ मुद्दा असा होता कीं, ज्या सरकारांत प्रजेचा प्रतिनिधि नाहीं त्या परकीय सरकारानें घरांतील धर्माचारांत हात घालूं नये. आज चांगल्या कामासाठीं दिलेला अधिकार उद्यां कोणत्या कामासाठीं वापरला जाईल याचा भरंवसा काय? टिळकांनीं नुसता विरोध करून न थांबतां उलट सूचनाहि मांडली होती. मुलींचीं लग्नें १६ व मुलांचीं २० वर्षांपूर्वीं करूं नयेत, चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करावयाचें तर विधवेशींच करावें, विधवांचें वपन करूं नये, हुंडा घेऊं नये, असे निर्बंध सुधारकांनीं प्रथम स्वतःवर खुषीनें घालून घ्यावेत, असा तिचा आशय होता. हा प्रतिटोला खराच, पण त्यांत सत्याचा अंशहि होता, आणि सुधारकपक्षाला तो झोंबणारा होता.

या वादांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं जी पद्धति अवलंबिली ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. विरोधक धर्मशास्त्राचें प्रामाण्य मानतात, तर धर्मशास्त्राचींच वचनें तपासूं, असें म्हणून त्यांनीं गर्भाधानकालाविषयींच्या आधारांचा संस्कृत ग्रंथांतून धांडोळा घेतला व नवा कायदा शास्त्राच्या आड येत नाहीं असें प्रतिपादन केलें. टिळकांनीं त्याला शास्त्राधारांनींच उत्तर दिलें. न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग हेहि कायद्याच्या बाजूचे होते. प्रतिपक्षाला जें प्रमाण मान्य आहे त्याच प्रमाणावर त्याच्याशीं बोलणें हा त्याचा खरा मान होय. गोड शब्द हा त्याचा केवळ बाह्य भाग आहे. रस्त्यावर मात्र हा मान टिकला नाहीं. पुण्यांतील सुधारकांची सभा दंगा करून उधळण्यांत आली, आणि आगरकरांची तर ते जिवंत असतांनाच प्रेतयात्रा निघाली.

याच सुमारास रानड्यांच्या तडजोडीची दुसरी बाजू दिसून आली. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनांत झालेल्या एका समारंभांत चहा-बिस्किटें देण्यांत आलीं, व गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्या मंडळींचीं नांवें प्रसिद्ध करविलीं. त्यांत रानडे, टिळक व गोखले हे तिघेहि होते. ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ मध्यें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसतें कीं, यांत आपलें कांहीं चुकलें अशी त्यांची भावना नव्हती. बहिष्कारामुळें अडचणींत सांपडलेल्या मित्रांची सोडवणूक व्हावी एवढाच हेतु होता. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें पुढें केलें, तरी बहिष्काराचा जाच त्यांनाहि कांहीं काळ सोसावा लागला. सुधारकांपैकीं अनेकांना रानड्यांचें हें करणें मुळींच रुचलें नाहीं.

१८९५ च्या डिसेंबरांत पुण्यास सुरेंद्रनाथ बानर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अकरावें अधिवेशन भरलें. १८८७ पासून राष्ट्रीय सभेच्या पाठोपाठ सामाजिक परिषद भरत असे, व तिला सभेचा मंडप मिळण्याचा प्रघात पडला होता. पुण्यास त्याला कडवा विरोध झाला. तेव्हां फूट टाळण्यासाठीं रानड्यांनीं मंडपाचा हट्ट सोडला व परिषद वेगळ्या मंडपांत भरविली.

या दोन प्रसंगांवरून रानड्यांना दुबळे ठरविणारे पुष्कळ आहेत. आम्हांस यांत एक भेद दिसतो. प्रायश्चित्तांत आणि मंडपाच्या प्रश्नांत जें सोडावयाचें होतें तें रानड्यांचें स्वतःचें होतें; मान गेला तर त्यांचा, टीका झाली तर त्यांच्यावर. संमतिवयाच्या बाबतींत तडजोड केली असती तर तिची किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुलींनीं दिली असती. तेथें रानडे मागें सरले नाहींत. स्वतःच्या खर्चानें तडजोड करावी, दुसऱ्याच्या खर्चानें करूं नये, असा नियम या वागणुकींतून निघूं शकतो.

परंतु हा नियम त्यांनीं सर्वत्र पाळला असें म्हणतां येत नाहीं, आणि तें लपविणें इतिहासाला धरून होणार नाहीं. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असतांना, प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ सालीं वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनीं अकरा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. त्या तडजोडीची किंमत त्यांच्या कीर्तीनें तर दिलीच, पण ज्या विधवांचा कैवार त्यांनीं घेतला होता त्यांनींहि दिली. त्याच मुलीला त्यांनीं शिकविलें, व रमाबाई रानडे म्हणून तिनें पुढें पुण्याच्या सेवासदनाचें मोठें कार्य केलें, हें खरें. तथापि नंतरच्या सुपरिणामानें आधींचा निर्णय बदलत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. १८८५ मध्यें मराठी ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण रानड्यांनीं जोतीराव फुले यांस पाठविलें, तेव्हां फुल्यांनीं तें नाकारलें. ज्यांच्या सभांत व पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या मनुष्यपणाच्या हक्कांना उघड मान्यता नाहीं, त्यांच्याशीं आमचा मेळ बसत नाहीं, असा त्यांच्या पत्राचा मतितार्थ होता. माणसामाणसांत न्याय ही उदारपणाची कसोटी मानली, तर हा प्रश्न त्या व्याख्येच्या मर्मावरच बोट ठेवतो. सनातन्यांचें मन दुखवूं नये म्हणून जी सावधगिरी रोज घेतली जात होती, तितकी निकड बहिष्कृतांच्या दुःखाविषयीं दाखविली जात होती काय? आगरकरांचीहि तक्रार याच जातीची होती. बुद्धीला जें पटतें त्यासाठीं शास्त्राची परवानगी मागूं नये, असें ते म्हणत. या दोघांची टीका जमेस धरल्यावांचून नेमस्तपणाचें मोल ठरविणें एकांगी होईल.

डेक्कन सभेचा जाहीरनामा प्रसिद्ध होतांच ‘केसरी’नें तिच्यावर कडक टीका केली. त्याचें कारण समजण्यासारखें आहे. एका पक्षानें उदारपणा आपल्या नांवावर करून घेतला कीं दुसरा आपोआपच अनुदार ठरतो. पण त्याच १८९६–९७ च्या दुष्काळांत एक विलक्षण गोष्ट घडली. टिळकांच्या हातांतील सार्वजनिक सभेनें खेडोपाडीं माणसें पाठवून, दुष्काळाच्या सरकारी नियमांप्रमाणें तुमचे हक्क काय आहेत हें शेतकऱ्यांना समजावून दिलें. कायदा राज्यकर्त्यांवर बंधनकारक आहे व प्रजेनें त्याखालचा हक्क मागून घ्यावा, हें रानड्यांच्या व्याख्येंतील तत्त्व अशा रीतीनें त्यांच्या प्रतिपक्षानें शेतकऱ्याच्या दारांत नेऊन पोंचविलें. १८९७ मध्यें सरकारनें सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. विचार कोणत्या पक्षाच्या पेटींतून निघाला व कोणाच्या हातून कामास आला, हें नांवांवरून कळत नाहीं, याचा हा चांगला पुरावा आहे.

यावरून आमच्या मतें रानडेपक्षाची खरी चूक प्रायश्चित्तांत किंवा मंडप सोडण्यांत नव्हती. निवडणुकींत हार झाल्यावर ते सभेंतून बाहेर पडले, ही ती चूक होती. प्रतिपक्षाचा मान राखून वाद करावयाचा तर दोघे एका घरांत असावे लागतात. घरें वेगळीं झालीं म्हणजे वाद संपतो व टीका तेवढी उरते. १९०७ मध्यें सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगली, आणि १९१८ मध्यें नेमस्तांनीं प्रागतिक पक्षाची निराळी परिषद मुंबईस भरविली. या पुढच्या फाटाफुटींचा पहिला धडा पुण्यांतच गिरविला गेला होता.

तरीहि मान अगदींच नाहींसा झाला नाहीं. १६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले तेव्हां, निपचित पडलेल्या महाराष्ट्रांत चेतना आणण्याचें श्रेय टिळकांनीं ‘केसरी’ंत मोकळ्या मनानें त्यांस दिलें. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले. त्यांच्या चितेपाशीं टिळकांनीं भाषण केलें व त्यांचा कित्ता गिरविण्यास लोकांना सांगितलें. वीस वर्षें ज्यांच्याशीं कडाक्याचे वाद केले त्यांच्याविषयींचे हे उद्गार केवळ शिष्टाचाराचे म्हणतां येत नाहींत.

तेव्हां उदार मताची कसोटी त्याच्या नांवांत पाहूं नये. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपांत मांडतां येतें काय, त्याला मान्य असलेल्या प्रमाणावर उत्तर देतां येतें काय, आणि केलेल्या तडजोडीचें मोल कोण भरतो, हे तीन प्रश्न विचारावेत. रानडे पहिल्या दोहोंत बहुतेक उतरतात. तिसऱ्यांत कधीं उतरतात, कधीं नाहीं. पुण्यांतील या जुन्या वादांचे कागद चाळतांना वाचकानें तिसरा प्रश्न विशेषेंकरून जवळ ठेवावा, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.