दोन वर्षांचं काम, पन्नास वर्षांचं बी

परवा रविवारी टेकडीवर गाजर गवत उपटायला गेलो होतो. आमच्या सोसायटीतल्या एका उत्साही ग्रुपचा दर पावसाळ्यातला कार्यक्रम. हातमोजे घालायचे, फुलं यायच्या आत रोपं मुळासकट उपटायची, पोती भरायची, फोटो काढायचा आणि वडापाव खायचा. माझ्या लक्षात आलं की मागच्या वर्षीही आपण अगदी याच दगडापाशी, याच पोझमध्ये उभे होतो, आणि गवतही तेवढंच होतं. सोबतच्या काकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अरे, खाली बी पडलेलं असतं ना!"

ते "खाली बी पडलेलं" डोक्यात राहिलं. घरी येऊन वाचायला बसलो आणि वाचता वाचता थेट दक्षिण आफ्रिकेत पोचलो. जे काम आपण वडापावच्या बोलीवर वर्षातून दोन तास करतो, ते तिथे १९९५ पासून हजारो लोक रोजंदारीवर करत आलेत. त्याचीच ही गोष्ट.

केपटाऊनच्या आसपासच्या डोंगरांवर मूळची उंच झाडं फारशी नाहीतच. तिथे असतं फेनबॉस. बुटकी, काटक झुडपं, हिवाळ्यातल्या पावसावर जगणारी आणि अधूनमधून वणवा लागला की नव्याने उगवणारी. त्या एवढ्याशा प्रदेशात वनस्पतींच्या सुमारे ९,००० जाती आहेत आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. पण युरोपातून आलेल्या माणसाला ते डोंगर "बोडके" दिसले. (आपल्याकडच्या माळरानांना 'पडीक जमीन' म्हणणारे याच जातकुळीतले.) मग लाकडासाठी पाईन आले. केपटाऊनबाहेरची उडती वाळू थोपवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या गेल्या, त्यातलीच एक पोर्ट जॅक्सन. १८६४ मध्ये नाताळमध्ये ब्लॅक वॉटल आली, आणि कातडी कमावायला लागणारं टॅनिन तिच्या सालीतून मिळतं म्हटल्यावर तिचे मळेच्या मळे उभे राहिले. प्रत्येक झाड कोणीतरी चांगल्या हेतूनेच लावलं होतं. लावलं तिथेच ते थांबलं असतं तर प्रश्नच नव्हता.

ही झाडं पाणी पितात अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनीच होती. पाईन लावले की ओढे आटतात, असं ते म्हणत. जंगल खात्याला ते पटत नव्हतं. शेवटी १९३५ च्या सुमाराला स्टेलनबॉशजवळ यॉन्कर्सहुकच्या खोऱ्यात एक झकास प्रयोग सुरू झाला. शेजारशेजारचे ओढे घ्यायचे, काहींच्या पाणलोटात पाईन लावायचे, काहींत फेनबॉस तसंच ठेवायचं आणि दोन्हीकडचं पाणी मोजत राहायचं. आपल्या भाषेत ए-बी टेस्ट. फरक इतकाच की आपली टेस्ट दोन आठवडे चालते, ही कित्येक दशकं चालली. शेतकरी बरोबर निघाले. पाईन वाढले तसे त्यांच्या खालचे ओढे बारीक होत गेले.

आकडेवारी तयार होती, पण कपाटात. ती बाहेर काढली कादर अस्मल यांनी. नाताळमधल्या स्टँगरचा, भारतीय वंशाचा हा माणूस वर्णभेदाच्या काळात देशाबाहेर राहून डब्लिनला कायदा शिकवत होता आणि तिथेच वर्णभेदविरोधी चळवळ चालवत होता. १९९४ मध्ये मंडेलांच्या पहिल्या मंत्रिमंडळात तो पाणी आणि वनखात्याचा मंत्री झाला. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी त्याच्यापुढे गणित मांडलं: नवं धरण बांधण्यापेक्षा डोंगरावरची परकी झाडं तोडणं स्वस्त आहे. अस्मल यांची हुशारी अशी की त्यांनी हे पर्यावरणाचं काम म्हणून विकलंच नाही. नव्या सरकारपुढचा मोठा प्रश्न होता बेकारी. त्यांनी पुनर्रचना आणि विकासाच्या निधीतून अडीच कोटी रँड मिळवले आणि १९९५ मध्ये 'वर्किंग फॉर वॉटर' सुरू झालं. पाण्यासाठी काम. कामावर घ्यायचं गरिबांना, आणि त्यातही ६० टक्के बायका असाव्यात हे उद्दिष्ट. पुढे वर्षाला वीसेक हजार लोकांना या कामातून मजुरी मिळू लागली.

काम कसं असतं? दहाबारा जणांची एक तुकडी, तिचा एक कंत्राटदार, आणि तोही बऱ्याचदा आधीचा मजूरच. चेनसॉ चालवणारे पुढे. झाड जमिनीलगत कापायचं. मागून पंपवाला येतो आणि ताज्या खुंटावर लगेच तणनाशक मारतो. त्यात निळा रंग मिसळलेला असतो, म्हणजे कुठला खुंट राहिला ते दिसतं. उशीर झाला तर खुंट पुन्हा फुटतो. फांद्या ओढ्यापासून लांब रचायच्या, कारण पुरात वाहून गेल्या तर खालचा पूल तुंबतो. तोडलेलं लाकूड तसंच पडलं आणि वणवा लागला, तर आग इतकी तापते की मातीच भाजून निघते. तेव्हा ती भीती वेगळीच. तोडलेल्या लाकडातून पुढे शाळेची बाकं बनली, शवपेट्यासुद्धा बनल्या.

इथपर्यंत सगळं छान. फोटोही छान येतात. पण ब्लॅक वॉटलचं बी जमिनीत पन्नास वर्षंही जिवंत राहू शकतं, आणि आग लागली की उलट जोमाने उगवतं. म्हणजे मोठी झाडं तोडणं हा कामाचा सोपा भाग. खरं काम वर्षा-दोन वर्षांनी परत जाऊन गुडघ्याएवढी रोपं हाताने उपटण्यात आहे. त्यानंतर पुन्हा एकदा. मग पुन्हा. आमच्या धंद्यात याला मेंटेनन्स म्हणतात आणि अप्रेझलमध्ये त्याला काडीची किंमत नसते :)

नेमकी इथेच गोम होती. पैसा रोजगाराच्या खात्यातून आला, त्याबरोबर रोजगाराचे नियमही आले. २००२ च्या नियमावलीप्रमाणे अशा सार्वजनिक कामांवर एका माणसाला पाच वर्षांत जास्तीत जास्त २४ महिने ठेवता येत होतं. सरकारच्या बाजूने बघितलं तर हे न्याय्यच आहे, रांगेत पुढचा गरीब उभा आहे. आपली रोजगार हमी याच्याही आधीची, १९७२ च्या दुष्काळातून आलेली. पण तिच्यातलं बांधबंदिस्तीचं काम एकदा झालं की झालं (निदान कागदावर तरी). वॉटलचं काम संपतच नाही. कुठल्या घळीत मागच्या वर्षी काय राहिलं, कुठल्या उतारावर पाय घसरतो, वॉटलचं वीतभर रोप आणि इथलं मूळचं झुडूप यांत फरक कसा ओळखायचा, हे जिला दोन वर्षांत कळलं ती बाई तिसऱ्या वर्षी पुन्हा बेकार. तिच्या जागी नवी. प्रशिक्षण पहिल्यापासून. बी मात्र तिथेच, तेच.

२०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी पहिल्या पंधराएक वर्षांचा हिशोब मांडला. त्यातले काही जण सुरुवातीपासून या कार्यक्रमाचे पाठीराखे होते, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक वाटतं. ३२० कोटी रँड खर्च झाले होते आणि तरी बऱ्याच भागांत परक्या झाडांचा पसारा उलट वाढलेला दिसत होता. पाण्याचे आकडेही खाली आले. १९९८ च्या अंदाजात देशातल्या नद्यांचं जवळपास ७ टक्के पाणी ही झाडं पितात असं होतं, २०१६ च्या अंदाजात ते ३ टक्क्यांच्या आत आलं. झाडं कमी झाली म्हणून नाही, मोजणी सुधारली म्हणून. पोर्ट जॅक्सनला खरा दणका दिला तो १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आणून सोडलेल्या एका बुरशीने. तिला कंत्राट लागत नाही.

मग हे सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. तोडलीच नसती तर आज किती असती, हा कॉलम त्या टेबलात नाही. आणि ज्या घरात पहिल्यांदा पगाराचं पाकीट आलं, त्यांच्यासाठी ७ टक्के की ३ टक्के हा प्रश्नच नव्हता.

२०१८ मध्ये केपटाऊनचे नळ कोरडे पडायची वेळ आली. 'डे झिरो' तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांतही गाजला होता. त्याच वर्षाअखेर शहराच्या धरणांच्या पाणलोटांसाठी एक वेगळा निधी उभा राहिला. त्याच्यामागचा हिशोब असा की ही झाडं तिथलं वर्षाला ५,५०० कोटी लिटर पाणी पितात, म्हणजे शहराचं दोन महिन्यांचं पाणी. सरळसोट कड्यांवर, जिथे साध्या तुकड्या पोचू शकत नाहीत, तिथे आता दोरावर लटकून पाईन कापणारे लोक आहेत. त्यांना खास प्रशिक्षण द्यावं लागतं. त्यांना २४ महिन्यांनी घरी पाठवणं कोणालाच परवडणार नाही.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दगडापाशी जायचं ठरलंय. मागच्या वेळी राहिलेल्या कोपऱ्यापासून सुरू करू, असं मी ग्रुपवर टाकलंय. अजून तरी फक्त काकांचा होकार आलाय.