सरकलेला मणका, सांधलेला कणा

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडणीला बाहेर पडतात. दिवसभर कमरेत वाकून ऊस तोडायचा आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरायचा. त्यांच्या कंबरदुखीचे कारण बहुधा स्नायूंवरचा ताण हेच असते. काहींचा मात्र कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलेला असतो. यांतल्या थोड्यांना मणके सांधण्याची शस्त्रक्रिया लागते. ही कल्पना आली कुठून?

सरकलेल्या मणक्याची पहिली नोंद केली ती एका प्रसूतितज्ज्ञाने! १७८२ साली बेल्जियममधील एर्बिनियो यांना बाळाची वाट अडवणारा हाडाचा उंचवटा आढळला. १८५४ मध्ये जर्मनीच्या किलियान यांनी या विकाराला 'स्पॉन्डिलोलिस्थेसिस', म्हणजे 'मणक्याची घसरण', असे ग्रीक नाव दिले.

सांधण्याची युक्ती मात्र निघाली ती क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज यांनी मणक्यांच्या मागच्या भागातलेच हाड सोलून एकमेकांना भिडवले. ॲल्बी यांनी नडगीच्या हाडाची पट्टी बसवली. मोडलेले हाड जुळते, तसे हे मणकेही जुळून एक होतात. १९३३ मध्ये इंग्लंडच्या बर्न्स यांनी १४ वर्षांच्या मुलाचा सरकलेला मणका पोटाच्या बाजूने, नडगीचेच हाड वापरून सांधला. १९६०च्या दशकात पॅरिसच्या रॉय-कामिय यांनी मणक्यांत स्क्रू बसवायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट आपण नीट समजून घेऊ. स्क्रू मणके फक्त स्थिर धरतो. खरा सांधा हाडच घडवते. त्याला कित्येक महिने लागतात, आणि धूम्रपानाने ते काम रेंगाळते. तोडणीचा हंगामही पाच-सहा महिन्यांचाच. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर निदान एक हंगाम मोळी उचलता येत नाही. घेतलेली उचल मात्र फेडावीच लागते. ही विश्रांती मिळणार नसेल, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते.

म्हणून घाई नको. उभ्याने, बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रात सरकलेला मणका ओळखता येतो. सरकणे थोडे असेल, तर पुष्कळांना व्यायामाने व औषधाने आराम पडतो. पण पायातली शक्ती कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नये. एवढे आपल्या विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचले, तरी पुष्कळ झाले असे आम्हांला वाटते.