२२० वजा वय : एका सूत्राचा माग

व्यायामशाळेतल्या तक्त्यावर आणि ट्रेडमिलच्या पडद्यावर एक सूत्र हमखास भेटते : २२० मधून वय वजा केले की हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके मिळतात. व्यायामाचा जोर त्याच्याच टक्केवारीवर ठरवला जातो.

अनेकांनी या सूत्राचे श्रेय फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांच्या १९५७च्या शोधनिबंधाला दिले. त्या निबंधात हे सूत्र नाही. २००० साली विचारणा झाली तेव्हा खुद्द कार्व्होनेन यांनीही असे संशोधन आपण प्रसिद्ध केले नसल्याचे सांगितले. रॉबर्ट रॉबर्ग्ज आणि रॉबर्टो लँडवेर यांनी २००२ साली संदर्भांची साखळी उलट तपासत नेली. ती अमेरिकेतील फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१च्या लेखापाशी संपली.

तो लेख हृदयरोग टाळण्यासाठी व्यायामाचा उपयोग काय, याचा आढावा आहे. त्यात इतरांच्या अभ्यासांतून घेतलेल्या सुमारे ३५ बिंदूंचा एक आलेख आहे. कोणतीही एक रेषा या माहितीला पुरेशी नाही, असे लेखकांनीच नोंदवले. २२० वजा वय ही रेषा बऱ्याच बिंदूंच्या जवळून जाते, एवढेच ते म्हणाले. रॉबर्ग्ज-लँडवेर यांनी त्याच बिंदूंवरून गणित मांडले, तेव्हा अंदाजाची प्रमाणत्रुटी २१ ठोके निघाली.

दुसरा पुरावा विल्यम हॅस्केल यांच्या आठवणीचा. २००१ साली त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितले, की १९७०मध्ये एका बैठकीला जाताना विमानात त्यांनी सॅम्युएल फॉक्स यांना हे आकडे दाखवले. विसाव्या वर्षी २००, चाळिसाव्या वर्षी १८०, साठाव्या वर्षी १६०, अशी रेषा दिसली आणि फॉक्स यांनी सूत्र सुचवले. तीस वर्षांनंतरची आठवण जपूनच वापरावी लागते. पण ती छापील आलेखाशी जुळते.

२००१ सालीच तानाका, मोनाहन आणि सील्स यांनी ३५१ अभ्यासांतील १८,७१२ व्यक्तींची माहिती एकत्र केली. त्यातून २०८ वजा वयाच्या ०.७ पट, हे सूत्र आले. चाळिशीत दोन्ही सूत्रे १८०च देतात. सत्तरीत जुने १५० सांगते, नवे १५९.

म्हणजे मूळ लेखातली सावधगिरी नकला होताना गळाली आणि आकडा तेवढा उरला. नवे सूत्रही सरासरीच सांगते. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणून तक्त्यातला आकडा अंदाज म्हणूनच वापरा. हृदयविकार असेल किंवा ठोके मंदावणारी औषधे चालू असतील, तर व्यायामाची मर्यादा डॉक्टरांकडून तपासणी करूनच ठरवून घ्या.